गाडी सगळं सांगते... पण कोणाला?

तुमची नवीकोरी कार नुसती पळत नाही, ती लक्षातही ठेवते. स्पीड किती होता, ब्रेक कधी दाबला, बेल्ट लावला होता का, मागच्या रविवारी कुठे भटकलात... सगळं! २०२२ मध्ये पालघर जिल्ह्यातल्या एका पुलावर अशाच एका गाडीने साक्ष दिली आणि देशभर चर्चा झाली. पण या साक्षीदाराला बोलतं करण्याची चावी नेमकी कोणाच्या खिशात आहे?

बोईसरहून मुंबईला गाडीने ये-जा करणाऱ्यांना हा रस्ता तोंडपाठ असतो. तारापूर एमआयडीसीतून निघायचं, चिल्हार फाट्याला हायवे पकडायचा, मनोरच्या मस्तान नाक्यावर चहा मारायचा, खानिवडेचा टोल पार करायचा आणि मग वसईच्या ट्रॅफिकला शरण जायचं. पण चिल्हार फाट्यावरून उलट, म्हणजे गुजरातच्या दिशेने गाडी वळवली, तर चारोटीच्या अलीकडे सूर्या नदीचा पूल लागतो. वीकेंडला डहाणूचे चिकू आणायला जाणाऱ्यांपैकी कित्येकांची गाडी या पुलावर आली की आपोआप हळू होते.

कारण ४ सप्टेंबर २०२२ चा रविवार. टाटा सन्सचे माजी चेअरमन सायरस मिस्त्री उदवाड्याहून मुंबईला परतत होते. दुपारी अडीचच्या सुमाराला त्यांची मर्सिडीज जीएलसी या पुलाच्या कठड्यावर आदळली. मागच्या सीटवर बसलेले मिस्त्री आणि त्यांचे मित्र जहांगीर पंडोल जागीच गेले. पुढचे दोघे, म्हणजे गाडी चालवणाऱ्या डॉक्टर आणि त्यांचे पती, गंभीर जखमी झाले, पण वाचले. मागच्या दोघांनी सीटबेल्ट लावले नव्हते, असं पोलिसांनी सांगितलं.

त्या आठवड्यात लोकलमध्ये, कॅन्टीनमध्ये, ऑफिसच्या लिफ्टमध्ये एकच विषय होता. एवढी महागडी गाडी, एवढ्या एअरबॅग, तरी असं कसं? आणि उत्तर द्यायला एक साक्षीदार हजर होता. खुद्द गाडी!

पाच सेकंदांची गोष्ट

पूर्वी अपघाताचा तपास म्हणजे रस्त्यावरच्या टायरच्या खुणा, फुटलेल्या काचा, आजूबाजूच्या टपरीवाल्यांचे जबाब आणि पंचनामा. चारोटीला हे सगळं झालंच. पण त्याच्या जोडीला पोलिसांनी कंपनीकडे विचारणा केली, की गाडीच्या मेमरीत काय आहे ते सांगा. गाडी ठाण्याला नेण्यात आली, हाँगकाँगहून कंपनीचे तज्ज्ञ तपासणीसाठी आले आणि गाडीतला डेटा उलगडण्यासाठी जर्मनीत गेला.

कंपनीच्या अंतरिम अहवालातून दोन आकडे समोर आले. धडकेच्या पाच सेकंद आधी ब्रेक लावला गेला, तेव्हा वेग होता ताशी १०० किलोमीटर. प्रत्यक्ष धडकेच्या क्षणी तो ८९ होता.

आता गंमत बघा. पोलिसांकडे आणखी एक आकडा होता, रस्त्यावरच्या सीसीटीव्हीचा. चेकपोस्टच्या कॅमेऱ्यात ही गाडी दिसली आणि तिथून अपघाताच्या जागेपर्यंतचे २० किलोमीटर तिने ९ मिनिटांत कापले, असं पोलिसांनी तेव्हा सांगितलं होतं. मोबाइलचा कॅलक्युलेटर काढा. सरासरी वेग येतो ताशी १३३ किलोमीटर!

मग खरं कोण, कॅमेरा की गाडी? दोघंही खरे असू शकतात. कॅमेऱ्याने वीस किलोमीटरची सरासरी सांगितली. गाडीच्या अहवालातून शेवटचे पाच सेकंद कळले. ताशी ८९ ते १०० च्या वेगाने पाच सेकंदांत गाडी जास्तीत जास्त १४० मीटर जाते. त्या १४० मीटरच्या आधी काय घडलं, हे त्या दोन आकड्यांना माहीतच नाही.

आणि पुलाचं काय? तिथे तीन लेनचा रस्ता पुलावर दोन लेनचा होतो, कठडा अचानक समोर येतो, यावर त्या वेळी बरंच लिहिलं, बोललं गेलं. गाडीची मेमरी याबद्दल चकार शब्द काढत नाही. तिला फक्त स्वतःपुरतं कळतं. ब्रेक, वेग, बेल्ट, एअरबॅग. बस्स.

पुढे नोव्हेंबर २०२२ मध्ये कासा पोलीस ठाण्यात गाडी चालवणाऱ्या डॉक्टरांवर गुन्हा नोंदवला गेला आणि जानेवारी २०२३ मध्ये आरोपपत्र दाखल झालं. पण आपला मुद्दा कोण दोषी हा नाहीच. तो कोर्टाचा प्रांत. आपला मुद्दा असा, की गाडी काय म्हणते हे कळण्यासाठी पालघरच्या पोलिसांना गाडी बनवणाऱ्याकडेच जावं लागलं. उद्या हीच वेळ तुमच्या-आमच्या हॅचबॅकवर आली तर?

डॅशबोर्डच्या आत कोण कोण लपलंय?

‘माझी गाडी काही मर्सिडीज नाही, बॉस!’ असं म्हणून पान उलटू नका. आपल्याकडे २०१९ मध्ये ह्युंदाई व्हेन्यू आणि एमजी हेक्टर ‘कनेक्टेड कार’ म्हणून गाजावाजा करत आल्या आणि त्यानंतर गाडीत सिमकार्ड असणं ही चैन राहिली नाही. फोनवरून एसी सुरू करणं, गाडी कुठे आहे ते मॅपवर बघणं, पार्किंगमध्ये हॉर्न वाजवून ती शोधणं... मस्तच वाटतं ना? पण गाडी तुमच्याशी बोलते, म्हणजे आधी ती कंपनीच्या सर्व्हरशी बोलते.

तर आधुनिक गाडीत साधारण चार जागी आठवणी साठतात.

पहिली, एअरबॅगचा कंट्रोल युनिट. इथेच असतो ‘इव्हेंट डेटा रेकॉर्डर’, गाडीचा ब्लॅक बॉक्स म्हणा ना. विमानातल्या ब्लॅक बॉक्ससारखा हा तासन् तास रेकॉर्डिंग करत नाही. धडक बसली की तिच्या आधीचे काही सेकंद तो जपून ठेवतो. अमेरिकेत हा काळ वर्षानुवर्षं पाच सेकंदांचा होता, डिसेंबर २०२४ मध्ये तिथल्या सरकारने तो वीस सेकंदांवर नेण्याचा नियम केला. युरोपमध्ये जुलै २०२४ पासून विकल्या जाणाऱ्या प्रत्येक नव्या कारमध्ये हा रेकॉर्डर सक्तीचा आहे.

दुसरी जागा, तुमचा लाडका टचस्क्रीन. फोन ब्लूटूथने जोडला की कॉन्टॅक्ट, कॉल लॉग, कधीकधी मेसेजसुद्धा तिथे उतरतात. ‘होम’ आणि ‘ऑफिस’ म्हणून सेव्ह केलेले पत्ते तर असतातच. तपास करणाऱ्यांसाठी ही सोन्याची खाण. गाडीचा दरवाजा किती वाजता उघडला, फोन कधी जोडला गेला, हेही काही गाड्यांमधून निघतं.

तिसरी जागा म्हणजे ते सिमकार्ड आणि त्याच्या दुसऱ्या टोकाला असलेला कंपनीचा सर्व्हर. इथे तुमचं लोकेशन जातं, ड्रायव्हिंगची सवय जाते. गाडी भंगारात गेली तरी ही आठवण शिल्लक राहू शकते.

चौथी जागा गाडीच्या बाहेर आहे. फास्टॅगचा एसएमएस आठवा. चारोटीचा टोल किती वाजता कापला आणि खानिवडेचा किती वाजता, हे तुमच्या इनबॉक्समध्ये तारीख-वेळेसकट पडलेलं असतं. फेब्रुवारी २०२१ पासून फास्टॅग सक्तीचा झाला आणि हायवेवरचा आपला प्रत्येक प्रवास नोंदला जाऊ लागला.

या चार ठिकाणचे तुकडे गोळा करून, त्यांच्या वेळा जुळवून, काय घडलं ते मांडणं, यालाच म्हणतात गाडीचं डिजिटल फॉरेन्सिक्स.

साक्ष आहे, पण ठसा कुठाय?

बरं, डेटा मिळाला. मग लगेच कोर्टात जिंकलो? छे!

इथे एक मराठी मातीतली केस ऐकण्यासारखी आहे आणि तिचा गाडीशी काही संबंध नाही. २०१४ ची विधानसभा निवडणूक, जालना मतदारसंघ. अर्जुन खोतकर जिंकले, कैलास गोरंट्याल हरले आणि प्रकरण कोर्टात गेलं. उमेदवारी अर्ज वेळेत भरला होता का, हे ठरवण्यासाठी निवडणूक अधिकाऱ्याच्या कार्यालयातलं व्हिडिओ रेकॉर्डिंग पुरावा म्हणून पुढे आलं. मग वाद सुरू झाला, की या रेकॉर्डिंगसोबत कायद्यात सांगितलेलं प्रमाणपत्र हवं की नको? १४ जुलै २०२० ला सुप्रीम कोर्टाने सांगितलं, हवंच. मूळ उपकरण कोर्टात आणणार नसाल, तर इलेक्ट्रॉनिक पुराव्याच्या कॉपीला प्रमाणपत्राशिवाय किंमत नाही. जालन्याच्या या निकालाचा दाखला आज देशभर दिला जातो.

१ जुलै २०२४ पासून जुन्या एव्हिडन्स ॲक्टच्या जागी भारतीय साक्ष अधिनियम आला. त्याच्या कलम ६३ मध्ये हे प्रमाणपत्र अजून कडक झालं. आता त्यात फाइलची ‘हॅश व्हॅल्यू’ लिहावी लागते. हॅश म्हणजे फाइलच्या अंगठ्याचा ठसा. फाइलमध्ये एक टिंब जरी बदललं तरी ठसा पूर्ण बदलतो. शिवाय तज्ज्ञाची सहीही लागते.

आता ही अट गाडीला लावून बघा. चिप गाडीतून कोणी काढली? काढताना ठसा घेतला का? ती कोणाच्या हातून कोणाच्या हातात गेली? वाचली कोणी? ज्या कंपनीच्या गाडीचा तपास चाललाय, त्याच कंपनीने? यात कोणाच्या हेतूवर शंका घेण्याचं कारण नाही. पण परीक्षेचा पेपर मुलानेच लिहायचा आणि मुलानेच तपासायचा, असं आपण कुठल्या शाळेत चालवून घेऊ का?

मायामीतला धडा

ही काळजी उगाच नाही. अमेरिकेत फ्लोरिडामध्ये २०१९ साली ऑटोपायलटवर चाललेली एक टेस्ला रस्त्याच्या कडेला उभ्या असलेल्या गाडीवर धडकली. तिथे उभी असलेली एक २२ वर्षांची तरुणी गेली, तिचा मित्र गंभीर जखमी झाला. अपघाताच्या क्षणाचा डेटा कुठे आहे, असं तिच्या घरच्यांच्या वकिलांनी विचारलं. तो आपल्याला सापडत नाही, अशी कंपनीची भूमिका होती. शेवटी वकिलांनी बाहेरचा एक तज्ज्ञ आणला, त्याने गाडीतल्या चिपमधून डेटा परत मिळवला आणि धडकेनंतर काही मिनिटांतच तो कंपनीच्या सर्व्हरवर गेला होता, हेही त्यातून दिसलं. ऑगस्ट २०२५ मध्ये मायामीच्या ज्युरीने कंपनीला ३३ टक्के जबाबदार धरलं आणि २४ कोटी डॉलरहून अधिक रक्कम द्यायला सांगितली.

वकिलांनी बाहेरचा तज्ज्ञ आणला, म्हणून हे बाहेर आलं. मनोरजवळ अपघात झालेल्या एखाद्या टेम्पोवाल्याच्या घरच्यांना हे जमेल?

आपल्याकडे ‘ड्रायव्हर नसलेली गाडी’ अजून रस्त्यावर नाही. नितीन गडकरींनी तर डिसेंबर २०२३ मध्ये नागपुरात स्पष्टच सांगितलं, की ड्रायव्हरच्या नोकऱ्या घालवणाऱ्या अशा गाड्या भारतात येऊ देणार नाही. पण पुढच्या गाडीपासून अंतर राखणारी, लेनमध्ये धरून ठेवणारी, स्वतः ब्रेक मारणारी गाडी मात्र आता शोरूममध्ये सर्रास मिळते. सेल्समन तिला ‘लेव्हल टू’ म्हणतो. यात स्टिअरिंग कितीही आपोआप वळलं तरी जबाबदारी तुमचीच! मग धडकेच्या क्षणी ब्रेक तुम्ही मारला की गाडीने, हे कोण सांगणार? पुन्हा तोच साक्षीदार आणि पुन्हा तीच चावी.

बाहेरच्याने बोट घातलं तर?

आतापर्यंत आपण आठवणी वाचण्याबद्दल बोललो. आता थोडं टेन्शन देऊ? जी गाडी बाहेर बोलते, तिच्याशी बाहेरचाही बोलू शकतो.

२०१५ मध्ये चार्ली मिलर आणि ख्रिस व्हॅलासेक या दोन संशोधकांनी अमेरिकेत घरी बसून हायवेवर धावणाऱ्या जीप चेरोकीचा ताबा घेऊन दाखवला. वायपर सुरू झाले, रेडिओ किंचाळला आणि मग चालत्या गाडीचा वेगच मेला. आत बसलेल्या पत्रकाराला याची आधी कल्पना होती, म्हणून ठीक. त्यानंतर कंपनीने १४ लाख गाड्या दुरुस्तीसाठी परत बोलावल्या. रस्ता कुठून सापडला होता? म्युझिक सिस्टीमच्या इंटरनेट कनेक्शनमधून! गाडीतले छोटे-मोठे कॉम्प्युटर एकाच वायरिंगवर गप्पा मारत असतात. एकाच्या घरात शिरलं की शेजाऱ्याकडे जायला वेळ लागत नाही.

सप्टेंबर २०२४ मध्ये किआची पाळी आली. कंपनीच्या वेबसाइटमधल्या एका भोकातून, नुसत्या नंबरप्लेटच्या आधारे, अमेरिकेतल्या लाखो गाड्यांचे दरवाजे उघडता येतात आणि त्या कुठे आहेत ते बघता येतं, हे संशोधकांनी दाखवलं. कंपनीने आधी भोक बुजवलं, मग संशोधकांनी ते जाहीर केलं.

आपल्या घरचं उदाहरण हवंय? टाटा मोटर्सचं सुटे भाग विकणारं ‘ई-दुकान’ नावाचं पोर्टल आहे. त्याच्या वेब पानांमध्येच क्लाउडच्या चाव्या उघड्या पडल्याचं एका संशोधकाला २०२३ मध्ये आढळलं. त्या चाव्यांनी ग्राहकांच्या माहितीपासून ताफ्यातल्या गाड्यांच्या डेटापर्यंत पोचता येत होतं. त्याने कळवलं, दुरुस्ती झाली आणि २०२५ मध्ये ही गोष्ट लोकांसमोर आली. त्याच वर्षी टाटांच्याच मालकीच्या जग्वार लँड रोव्हरवर सायबर हल्ला झाला आणि ब्रिटनमधल्या कारखान्यांत कित्येक आठवडे एकही गाडी तयार झाली नाही. तारापूर एमआयडीसीत काम करणाऱ्या कोणालाही विचारा, एक शिफ्ट बंद पडली तर काय होतं. इथे तर आठवडेच्या आठवडे!

तारापूरचं नाव निघालंच आहे तर आणखी एक. १९६९ पासून इथे अणुवीज तयार होते, म्हणजे परिसर संवेदनशील. आजच्या गाडीला चार-सहा कॅमेरे असतात आणि त्यांची चित्रं कुठे जातात, हे मालकालाही धड माहीत नसतं. चीनने २०२१ मध्ये याच भीतीने लष्करी आवारात टेस्ला आणायला बंदी केली. अमेरिकेने जानेवारी २०२५ मध्ये उलट चाल खेळली. कनेक्टेड गाड्यांतलं चिनी सॉफ्टवेअर २०२७ च्या मॉडेलपासून बंद. म्हणजे कॅमेऱ्याची भीती फक्त तुम्हाआम्हाला नाही, सरकारांनाही वाटते.

घरचा भेदी

हॅकर तर चोरून येतो. पण माहिती आपणच राजीखुशीने दिली असेल तर?

मार्च २०२४ मध्ये न्यूयॉर्क टाइम्सने एक भानगड उघड केली. जनरल मोटर्सच्या गाड्यांमधून ड्रायव्हर किती वेळा जोरात ब्रेक मारतो, कधी रात्री उशिरा गाडी काढतो, ही माहिती डेटा कंपन्यांकडे जात होती आणि तिथून इन्शुरन्सवाल्यांकडे. लोकांना कळलं कधी? प्रीमियम वाढला तेव्हा! डिसेंबर २०२४ मध्ये जर्मनीत फोक्सवॅगन समूहाच्या सुमारे ८ लाख इलेक्ट्रिक गाड्यांची माहिती क्लाउडवर उघडी पडलेली सापडली. त्यातल्या लाखो गाड्या नेमक्या कुठे उभ्या होत्या, हेसुद्धा कळत होतं. आता विचार करा, गाडी रात्री कुठे उभी राहते, यावरून माणसाबद्दल किती काय काय कळतं. घर, ऑफिस, दवाखाना... आणि ‘मी ऑफिसातच आहे’ असं सांगून जिथे जातो ती जागासुद्धा!

आपल्याकडेही इन्शुरन्सची नवी तऱ्हा आली आहे. जुलै २०२२ मध्ये विमा नियामकाने ‘जेवढी चालवाल तेवढं भरा’ आणि ‘जशी चालवाल तसं भरा’ अशा पॉलिसींना परवानगी दिली. महिन्यातून दोनदा गाडी बाहेर काढणाऱ्याला हा फायद्याचा सौदा आहे. पण ‘जशी चालवाल तसं’ म्हणजे कोणीतरी सतत बघणार, हे सही करताना लक्षात असू द्या.

आणि आपण स्वतः काय करतो? चारोटीच्या अपघातानंतर मागच्या सीटच्या बेल्टची एवढी चर्चा झाली. तरी सीटबेल्टचा ‘टिंग टिंग’ आवाज बंद करणाऱ्या क्लिप ऑनलाइन बिनधास्त विकल्या जात होत्या. शेवटी मे २०२३ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने पाच शॉपिंग वेबसाइटना त्या विकणं बंद करायला सांगितलं. म्हणजे गाडी आपल्या भल्याचं सांगते तेव्हा तिचं तोंड बंद करायला आपण क्लिप घेतो आणि ती आपल्याबद्दल दुसऱ्यांना सांगते तेव्हा आपल्याला पत्ताच नसतो. आहे की नाही कमाल?

मालक कोण?

मग या डेटाचा मालक कोण? गाडीचा मालक? चालवणारा? मागे बसलेला पाहुणा? चारोटीची गाडी एका वित्तीय कंपनीच्या नावावर होती, चालवत होत्या दुसऱ्याच आणि प्राण गेले मागे बसलेल्यांचे. बोईसरहून मुंबईला येणाऱ्या ऑफिस कॅबचंही तेच. गाडी ट्रॅव्हल्सवाल्याची, ड्रायव्हर त्याचा, ट्रॅकिंग ऑफिसचं आणि घराचा पत्ता तुमचा!

अमेरिकेने २०१५ मध्ये कायदा करून सांगून टाकलं, की ब्लॅक बॉक्समधला डेटा गाडीच्या मालकाचा किंवा भाड्याने घेणाऱ्याचा. त्याच्या परवानगीशिवाय किंवा कोर्टाच्या आदेशासारख्या ठरावीक कारणांशिवाय तो कोणी काढायचा नाही. इतक्या थेट शब्दांतला कायदा आपल्याकडे नाही. आपल्याकडे आहे तो डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा २०२३. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले आणि कंपन्यांवरच्या मुख्य जबाबदाऱ्या त्यानंतर १८ महिन्यांनी, म्हणजे मे २०२७ पासून लागू होतील असं वेळापत्रक आहे. माझ्याबद्दल काय साठवलंय ते सांगा, चुकीचं असेल तर दुरुस्त करा, नको असेल तर पुसा, असं आपण विचारू शकू. माहिती नीट सांभाळली नाही तर २५० कोटी रुपयांपर्यंत दंड आहे. मात्र गुन्ह्याच्या तपासासाठी सरकारी यंत्रणांना यातून बरीच मोकळीक आहे.

गाडीच्या सायबर सुरक्षेसाठी एआयएस-१८९ आणि सॉफ्टवेअर अपडेटसाठी एआयएस-१९० अशी भारतीय मानकंही तयार आहेत. ही एआयएस मानकं ज्या समितीत ठरतात, तिचं काम पुण्याच्या एआरएआय या संस्थेतून चालतं. म्हणजे घर बांधायला विटा आल्यात. नाहीये ते एवढंच, अपघातानंतर गाडीची साक्ष कंपनीवर अवलंबून न राहता वाचता येईल, अशी सोय. मालकाला, पोलिसाला आणि गेलेल्या माणसाच्या घरच्यांनाही. विमान कोसळलं तर ब्लॅक बॉक्सचा ताबा सरकारी तपास यंत्रणा घेते, विमान बनवणारी कंपनी नाही. रस्त्यावर मरणाऱ्यांचा जीव काही स्वस्त नाही.

चारोटीला दोन जीव गेले आणि त्यात एक नाव मोठं होतं, म्हणून जर्मनी-हाँगकाँगपर्यंत हालचाल झाली. याच हायवेवर पेपरच्या कोपऱ्यात चार ओळींत येणारे अपघातही होतात. त्या गाड्यांनाही आठवणी असतातच. फक्त त्यांना कोणी विचारत नाही.

एवढं कराच!

* गाडी विकताय? टचस्क्रीनच्या सेटिंगमध्ये जाऊन ‘फॅक्टरी रिसेट’ मारा. कॉन्टॅक्ट, घरचा पत्ता, जोडलेले फोन सगळं पुसा. कंपनीच्या ॲपमधून गाडी काढून टाकायला विसरू नका.

* सेकंडहँड गाडी घेताय? जुन्या मालकाच्या ॲपमध्ये ती अजून जोडलेली नाही ना, हे डीलरकडून लेखी घ्या. नाहीतर तुम्ही केळव्याच्या बीचवर आणि तो घरबसल्या तुमच्या मागावर!

* भाड्याची सेल्फ-ड्राइव्ह घेतली, तर फोन जोडताना कॉन्टॅक्ट सिंक करायला ‘नाही’ म्हणा. परत देताना आपल्या फोनचं नाव यादीतून उडवा.

* अपघात झाला, तर जखमींना मदत आधी. नंतर गाडी दुरुस्तीला टाकण्याची घाई नको. एअरबॅग न उघडलेल्या छोट्या धडकेची नोंद पुढच्या घटनेने पुसली जाऊ शकते. वाद होणार असं वाटलं, तर डेटा जपून ठेवा, असं पोलीस, इन्शुरन्स कंपनी आणि सर्व्हिस सेंटरला लेखी कळवा.

* डॅशकॅम असेल तर मेमरी कार्ड लगेच काढून ठेवा. क्लिप व्हॉट्सॲपवर फिरवली की ती दाबली जाते आणि ठसा बदलतो. कोर्टाला मूळ फाइल लागते.

* गाडीचं सॉफ्टवेअर अपडेट आलं की टाळू नका. आणि स्टिअरिंगखालच्या पोर्टमध्ये दोनशे रुपयांचं कुठलंही गॅजेट खुपसू नका. तो गाडीच्या मेंदूचा दरवाजा आहे.

* ‘आय ॲग्री’ दाबण्याआधी ॲपला लोकेशनची परवानगी कशासाठी हवी ते बघा. नको असेल ते बंद करा.

* आणि हो, मागे बसलात तरी बेल्ट लावा. तुम्ही तो लावला होता की नाही, हे सांगायला गाडी मागे राहील. ऐकायला तुम्हीही राहा!